ड्यूक नेमकं काय म्हणाले

गुरुवारी सकाळी आल्मा एंटविसल नेहमीप्रमाणे पेपर आणि दूध घ्यायला इब्राहिम पटेलांच्या दुकानात शिरली आणि आत बोलत उभी असलेली पाच माणसं एकदम गप्प झाली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला बघून रॉथनशॉ गावात कुणी असं गप्प होत नसतं. आल्माने आधी स्वतःचा कोट तपासला, मग बटणं तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

"काय झालं? कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी गेलं नाही, आल्माबेन," इब्राहिमभाई गल्ल्यामागून म्हणाले. माणूस मूळचा भरूचचा, पण पन्नास वर्षं इंग्लंडच्या थंडीत काढलेली, त्यातली बारा गावच्या कापडगिरणीत रात्रपाळीला. "तुम्ही आलात. पेपरात."

त्यांनी 'डेली लँटर्न'चा अंक तिच्यासमोर ठेवला. पहिल्या पानावर अर्धं पान भरून एक जुना, धुरकट फोटो होता. मागांच्या रांगा, वर पट्टे, आणि मधोमध मिशीवाला एक उंच माणूस एका पोरीच्या कानाशी वाकलेला. पोरगी हसू दाबत होती. मागे टोपी घातलेली एक बाई ताठ उभी होती, चेहरा असा की जणू कुणी तिला लिंबू चोखायला दिलंय.

वर ठळक अक्षरांत छापलं होतं: "भेट मला… तिला कळू देऊ नकोस!" आणि खाली: "वेस्टमीरच्या ड्यूकचं पंचावन्न वर्षं दडलेलं प्रकरण. गिरणीतली ती पोरगी कोण?"

आल्माने चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली ओढला. फोटोतली पोरगी वीस वर्षांची होती, केसांना रुमाल बांधलेला, कमरेला कात्री आणि आकडा लटकलेला.

"नाक तेच आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाक माझं नाही, माझ्या आईचं आहे," आल्मा म्हणाली. "दूध द्या, इब्राहिम. आणि हा रद्दीचा कागदही द्या एक."

ती शांतपणे बोलली, पण घरी पोचेपर्यंत तिचे कान लाल झाले होते.

तिचा नवरा वॉल्टर मागच्या अंगणात कबुतरांना दाणे टाकत होता. चाळीस वर्षं मागांच्या गडगडाटात फिटरचं काम केल्याने त्याचे कान केव्हाच गेले होते, पण त्यांच्या संसाराचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. रॉथनशॉची जुनी गिरणीतली माणसं कानांनी ऐकतच नाहीत. आठशे माग एका छपराखाली धडधडू लागले की शेजारी तोफ उडाली तरी कळायचं नाही, म्हणून विणकरणी ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचा नाही, तोंड मोठं उघडायचं, भुवया, खांदे, हात सगळे कामाला लावायचे. चार रांगा पलीकडच्या मैत्रिणीला सुनेच्या तक्रारी या बोलीत सांगता यायच्या आणि साहेब मधून चालत गेला तरी त्याला काही कळायचं नाही.

आल्माने वॉल्टरसमोर पेपर धरला. त्याने वाचला. मग एक कबूतर खांद्यावरून उतरवून ठेवलं.

"तू तर मला सांगितलं होतंस, त्याने हवापाण्याचं विचारलं म्हणून," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"मग हवापाण्याचं नव्हतं?"

"नव्हतं," आल्मा म्हणाली. "आणि हे जे छापलंय तेही नव्हतं. तोंड मिटून घे, माशी जाईल."

वॉल्टर हसला. त्याने पुढे काही विचारलं नाही, आणि आल्माला त्याचं बरं वाटलं. खरी गोष्ट तिला सांगता येत नव्हती. गिरणी बघायला आले त्या दिवशी ड्यूकने तिच्याकडून शब्द घेतला होता. शब्द देणारी विशीची होती आणि आता पंचाहत्तरीची झाली होती म्हणून काही तो शब्द शिळा झाला नव्हता.

अर्ध्या तासात मेविस हॉवर्थ दारात हजर झाली. मेविस गिरणीत त्याच विणखात्यातली, आल्माच्या पुढच्या रांगेतली. दोन नवरे मार्गी लावून ती आता कुत्र्याबरोबर एकटी राहत होती आणि गावातली एकही बातमी तिच्याआधी कुणाच्या दारात पोचत नव्हती.

"पंचावन्न वर्षं!" ती कोट न काढताच खुर्चीत बसली. "पंचावन्न वर्षं मी तुला विचारतेय काय म्हणाला तो, आणि तू मला हवापाणी सांगतेस! आणि शेवटी लंडनच्या पेपरातून कळतंय मला!"

"अगं, खोटं आहे ते."

"खोटं असो की खरं, मला आधी कळायला हवं होतं," मेविस म्हणाली. "चहा ठेव."

पुढचे दोन दिवस तो फोटो ज्यातून घेतला होता ती बारा सेकंदांची फिल्म लँटर्नने सगळीकडे फिरवली. गावातल्या कुण्या हौशी माणसाने ती भेटीच्या दिवशी काढली होती. तो वारल्यावर घर रिकामं करताना रीळ विकलं गेलं आणि फिरत फिरत लंडनला पोचलं. आवाज नव्हताच. पेपरवाल्यांनी ओठ वाचणारी एक बाई पैसे देऊन आणली, फिल्म हळू करून तिला दाखवली आणि तिने जे सांगितलं ते मथळ्यात घातलं. शुक्रवारी 'डचेसचं तुटलेलं काळीज' आलं, म्हणजे फोटोत मागे ताठ उभ्या असलेल्या ड्यूकच्या बायकोचं. शनिवारी एका मानसतज्ज्ञाने डचेसच्या हनुवटीच्या कोनावरून तिचं सगळं लग्न समजावून सांगितलं. ड्यूक आणि डचेस दोघंही कधीच जग सोडून गेली होती, त्यामुळे बोलायला कुणी नव्हतं.

मुलगी मात्र होती. शनिवारी टीव्हीवर आल्माने तिला पाहिलं. सत्तरीची बाई, अंगात जुना रेनकोट, गेटपाशी कचऱ्याची पिशवी ठेवायला आलेली, आणि समोर पंधरावीस कॅमेरे. कुणीतरी ओरडत होतं, "लेडी सिसिली, तुमच्या आईला माहीत होतं का?" तिने पिशवी खाली ठेवली आणि पाठ फिरवली. वळताना तिचे ओठ हलले, आणि आल्माने ते वाचले.

"काय म्हणाली?" वॉल्टरने विचारलं. त्याला कोपऱ्यातून नीट दिसलं नव्हतं.

"म्हणाली, 'माहीत नाही, मलाच माहीत नाही आता.'"

आल्मा उठली आणि स्वच्छच असलेला ओटा तिने कारण नसताना पुन्हा पुसला. मग म्हणाली, "त्याने मला म्हटलं होतं, तिला कळू देऊ नकोस. 'तिला' म्हणजे बायकोला. पोरीला कळू देऊ नकोस असं काही म्हणाला नव्हता."

"मग सांगून टाक," वॉल्टर म्हणाला.

"कुणाला? मी सांगितलं तर उद्या छापतील, 'आजीबाईंचा नवा दावा'. मी सांगून उपयोग नाही. लोकांनी बघायला हवं."

बघायचं कसं, हा प्रश्न मात्र होता. ती आणि वॉल्टर इब्राहिमभाईंकडे गेले, कारण गिरणी कामगारांच्या संघाचे चिटणीस तेच होते.

इब्राहिमभाईंनी सगळं ऐकलं आणि जरा ओशाळून डोकं खाजवलं. "आल्माबेन, गिरणीच्या ऑफिसात त्या फिल्मची एक नक्कल होती. अख्खी. गिरणी बंद झाली तेव्हा सगळं कचऱ्यात टाकत होते. मी डबे उचलले. पत्र्याचे, गोल, घट्ट झाकणाचे, असे डबे मिळत नाहीत."

"आणि आतली फिल्म?"

"डब्यात माझी बायको पापड ठेवते," इब्राहिमभाई म्हणाले. "फिल्म फेकायला जीव झाला नाही. उशीच्या अभ्र्यात आहे, माळ्यावर."

मशीनही त्यांच्याकडेच होतं. सत्तरच्या दशकात गावातल्या देशी मंडळींना ते शाळेच्या हॉलमध्ये हिंदी सिनेमे दाखवत, तेव्हाचा तो प्रोजेक्टर अजून चालत होता. रविवारी दुपारी दोन वाजता कामगार क्लबात फिल्म दाखवायची ठरली. बातमी पसरवण्याचं काम मेविसकडे दिलं, म्हणजे ते झालंच.

रविवारी सकाळीच लँटर्नचा वार्ताहर आल्माच्या दारात उभा राहिला. नाव पायर्स लँगली, तिशीच्या आतबाहेरचा, बूट इतके पातळ की रॉथनशॉच्या चढावर दोनदा घसरला असावा. त्याच्या विजारीच्या गुडघ्याला चिखल होता.

"मिसेस एंटविसल, तुमची बाजू आम्हाला मांडायचीय," तो म्हणाला. "तुमचं आणि ड्यूकचं नातं नेमकं…"

"माझं नातं याच्याशी आहे," आल्माने वॉल्टरकडे बोट दाखवलं. "तुम्ही जेवलात का काही?"

"मी? नाही, म्हणजे…"

"दोन वाजता क्लबात या. बटाटा-मटण भरून भाजलेली पाई असते. खाऊन घ्या आणि गप्प बसून बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

क्लबात जागा मिळेना. मोजून बत्तीस म्हाताऱ्या विणकरणी आल्या होत्या. त्यांतल्या चौघी चाकांच्या खुर्चीतून, एक तर वृद्धाश्रमातून नर्सला बरोबर घेऊन. कुणी मटाराचे वाडगे हातात घेऊन बसलं होतं. इब्राहिमभाईंनी पडदे ओढले आणि मशीन सुरू केलं.

आधी बँड आला, मग महापौरांचं पोट आलं आणि त्यावर जोरदार टाळ्या पडल्या. मग कॅमेरा खात्यात शिरला. ते माग, ते पट्टे, ती उडणारी कापसाची धूळ. कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं, बेटी बघ, बेटी." बेटी जाऊन अकरा वर्षं झाली होती. पडद्यावर ती मागाच्या धोट्यात सूत भरत होती.

मग ड्यूक आले. ते आल्माच्या मागाशी थांबले, वाकले, तोंडाशी हात धरला. खात्यातल्या बाकीच्यांना तेव्हा त्या हाताआडचं काही दिसलं नव्हतं. कॅमेरा मात्र आल्माच्या बाजूला होता.

"थांबवा," आल्मा म्हणाली. "परत लावा. आणि मी काही बोलणार नाही. तुम्ही वाचा."

इब्राहिमभाईंनी रीळ मागे घेतलं. ड्यूक पुन्हा वाकले. आणि बत्तीस बायका एका सुरात, अडखळत, एकमेकींना कोपर मारत वाचू लागल्या:

"बायकोचा… बूट… बूट अडकलाय. जाळीत. ओढून निघेना. काही… काही आहे का तुझ्याकडे? मी सांगितलं… ते तिला कळू देऊ नकोस. ती… मला फाडून खाईल!"

हॉलमध्ये जे हसू फुटलं त्याने खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"बूट!" मेविस किंचाळली. "भेट कुठली, बूट आहे तो! ऊ म्हणताना ओठांचा चंबू झालाय त्याचा!"

"मिशीखाली दडला तो चंबू," मागून कुणी म्हणालं. "लंडनच्या बाईला मिशी वाचता येत नाही!"

पायर्स लँगलीच्या हातातली पाई अर्ध्यावर थांबली होती. "पण मग पुढे? आमच्या फिल्ममध्ये तुम्ही इथे गायब होता. आम्ही लिहिलं होतं की…"

"पुढे बघा ना," आल्मा म्हणाली.

लँटर्नने जिथे कात्री लावली होती तिथून पुढे फिल्म आणखी चाळीस सेकंद चालली. आल्मा खाली वाकली होती. कॅमेरा खाली गेला तेव्हा दिसलं, की ती गुडघ्यांवर बसून, फणीत सूत ओवायचा तिचा आकडा मोरीच्या लोखंडी जाळीत घालून डचेसच्या बुटाची टाच उचकटत होती. डचेस एका हाताने मागाला धरून, हनुवटी वर करून, जणू काही घडतच नाहीये अशा थाटात उभी होती. टाच सुटली. डचेस हेलपाटली, ड्यूकच्या दंडाला लटकली, आणि मग तोंडावर हात न धरता, डोकं मागे टाकून खदखदून हसली. त्या हसण्यात तिची टोपी तिरकी झाली. तिने आल्माकडे वाकून काहीतरी म्हटलं.

"'देव तुझं भलं करो, पोरी,'" बत्तीस जणी म्हणाल्या. "'त्यांनीच सांगितलं ना तुला? त्यांना म्हणावं, मला कळलंच नाही.'"

आल्माने रुमाल काढला. तिला हे दुसरं वाक्य आठवत होतं, पण ते पुन्हा बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. दोघा नवराबायकोंची ती गंमत तिने एकटीने इतकी वर्षं सांभाळली होती.

गोष्ट इथेच संपायची. पण रीळ चालूच होतं आणि कॅमेरा आता पुढच्या रांगेवर गेला होता. तिथे वीस वर्षांची मेविस, खात्यातली सगळ्यांत सुंदर पोरगी, बेटीशी ओठांनी बोलत होती. आणि ओठांच्या बोलीची पद्धतच अशी, की तोंड भलं मोठं उघडावं लागतं.

बत्तीस बायका वाचायच्या लयीत होत्या. कुणी थांबायच्या आत वाचून झालंसुद्धा:

"'शनिवारी डान्सला… मी वॉल्टरला विचारणार आहे. आल्माला सांगू नकोस हं!'"

हॉलमध्ये सुई पडली असती तरी वॉल्टरलाही ऐकू आली असती. सगळ्या माना मेविसकडे वळल्या. मेविसचा चेहरा बीटासारखा झाला होता.

"मेविस हॉवर्थ!" आल्मा म्हणाली.

"पंचावन्न वर्षं झाली गं…"

"मला पंचावन्न वर्षं हवापाण्यावरून टोमणे मारलेस! आणि पोटात हे होतं?"

"मग काय करू? आवडायचा मला तेव्हा," मेविस म्हणाली. "केस होते त्याला."

"विचारलंस का मग त्याला?"

"विचारलं. पाय मुरगळलाय म्हणाला."

आल्मा हळूच वॉल्टरकडे वळली. त्या शनिवारी वॉल्टर रात्री साडेदहापर्यंत तिच्याबरोबर नाचला होता. एकही नाच चुकवला नव्हता.

वॉल्टर पडद्याकडे बघत होता, अगदी मन लावून, जणू तिथे कबुतरांची शर्यत लागलीय.

"पाय मुरगळला होता?" आल्माने विचारलं.

"मला ऐकू येत नाही," वॉल्टर म्हणाला.

"माझ्या ओठांकडे बघ!"

मग मेविसलाच हसू आवरेना. ती हसली तशी आल्मा हसली, आणि मग सगळा क्लब. नर्सबरोबर आलेल्या आजी वॉल्टरला पाईचा मोठा तुकडा देऊन म्हणाल्या, "घे रे, दोघी भांडत होत्या तुझ्यासाठी, त्याचं वजन असतं."

पायर्स लँगलीने जाताना आल्माचा हात हातात घेतला. "मला संपादकांच्या डेस्कवरून बाराच सेकंद दिले होते," तो म्हणाला. "बाकीचं होतं हे मला माहीत नव्हतं. मी खरं लिहीन."

"लिहाल हो तुम्ही," आल्मा म्हणाली. "छापणारे दुसरे."

तिचा अंदाज बरोबर निघाला. पायर्सने लिहिलं, आणि मंगळवारच्या अंकात पाचव्या पानावर मोठा मथळा आला: "वॉल्टर, तू कुणाचा? ड्यूकच्या फिल्ममधला खरा प्रेमत्रिकोण!" डचेसच्या बुटाबद्दलची दुरुस्ती अठ्ठाविसाव्या पानावर, कुत्र्यांच्या शर्यतींच्या निकालाखाली, तीन ओळींत होती. इब्राहिमभाईंनी त्या तीन ओळी इतक्या मोठ्या करून घेतल्या की दुकानाची सगळी खिडकी भरली. शेजारी त्यांनी पाचवं पानही लावलं, आणि मेविसने आपल्या फोटोखाली सही करून दिली.

गावात दोन आठवडे वॉल्टरला कुणी नावाने हाक मारली नाही. बोलिंगच्या मैदानावर तो चेंडू टाकायला वाकला की कुणीतरी विचारायचं, "पाय कसा आहे?" त्याने ते आनंदाने सोसलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी असा लौकिक मिळणं त्याला काही वाईट वाटलं नव्हतं.

महिन्याभराने एक जुनी, चिखल उडालेली गाडी इब्राहिमभाईंच्या दुकानापाशी थांबली. उतरली ती रेनकोटवाली बाई. तिने आधी फोन केला होता आणि कुणालाही सांगू नका म्हटलं होतं, आणि या खेपेला मेविसनेही खरंच कुणाला सांगितलं नाही. इब्राहिमभाईंच्या बैठकीत पडदा लावला. लेडी सिसिली सोफ्याच्या कडेवर बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून, शेजारी आल्मा आणि मेविस.

बूट सुटला. डचेस हसली.

"परत लावाल का?" ती म्हणाली.

इब्राहिमभाईंनी परत लावलं. चार वेळा लावलं.

"आमच्याकडे आईचे शेकडो फोटो आहेत," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांत ती अशीच ताठ. कॅमेरा समोर आला की तिची मान धरायची. घरी ती अशी हसायची, पण त्याचा एकही पुरावा नव्हता माझ्याकडे. मलाच वाटू लागलं होतं, की मी मनाने रचलं की काय." मग ती आल्माकडे वळली. "तुम्ही एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं," आल्मा म्हणाली. तिला यात विशेष काही वाटलं नव्हतं. "शिवाय टाच वाकडी झाली होती. ते माझ्याच आकड्याने झालं. बोलले असते तर गिरणीवाल्यांनी भरपाई मागितली असती."

लेडी सिसिली हसली, डोकं मागे टाकून, अगदी तशीच. इब्राहिमभाईंच्या बायकोने पापड तळून आणले. चौघींनी मिळून ताट संपवलं, आणि निघताना तिला फिल्मची नक्कल दिली, एका रिकाम्या केलेल्या डब्यात.

त्यानंतर आल्माचं नाव लंडनपर्यंत गेलं असावं, कारण वसंतात दुसऱ्याच एका पेपरातून फोन आला. त्यांच्याकडे आणखी जुनी फिल्म होती, कुठल्याशा बागेतली मेजवानी, एक राजपुत्र आणि एक नटी छत्रीखाली. आल्माताईंनी वाचून द्यावं, मोबदला चांगला देऊ. त्यांनी फिल्म पाठवली. आल्माने चष्मा पुसून ती तीनदा बघितली, वॉल्टरलाही दाखवली, आणि फोन लावला.

"तो म्हणतोय, पाऊस थांबला की निघू या," तिने सांगितलं.

पलीकडून लगेच प्रश्न आला. "आणि ती? ती त्याला काय म्हणते? फार जवळ आलीय ती."

"ती म्हणते, सँडविच ओले झालेत."

"आणखी काही नाही?"

"आहे ना. काकडीचे होते म्हणते," आल्मा म्हणाली.

त्या पेपरातून पुन्हा फोन आला नाही. आल्मा रिसीव्हर ठेवून मागच्या अंगणात गेली. मेविस आधीच तिथे बसून वॉल्टरला कबुतरांवरून काहीतरी शिकवत होती, आणि कुंपणापलीकडून बघणाऱ्या शेजारणीला कळू नये म्हणून तिघंही लगेच ओठांनी बोलू लागली.